शपथपत्रातला भाऊ

जात पडताळणी समितीचं पत्र सहा ओळींचं होतं. पाचव्या ओळीत लिहिलं होतं की अर्जदार नीलम संघपाल सिरसाट यांच्या वंशावळीत आजोबा चिंधू यांना दोन मुलगे दाखवले आहेत. मात्र त्यांनी रक्तनातेवाईक म्हणून ज्यांचा वैधता दाखला जोडला आहे, त्या चुलतभावाच्या मूळ फाइलीत चिंधू यांना एकच मुलगा आहे. सहाव्या ओळीत सोमवारपर्यंत खुलासा मागितला होता.

आता हे नीलमनं स्वतःच ओढवून घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. अमरावतीला विद्यापीठात आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि संघर्ष निराकरण असा नवा विभाग निघाला, राखीव जागेवर तिची निवड झाली, अन् जात वैधता दाखला आणून द्यायला सहा महिने मिळाले. बारा वर्षं दिल्लीत अन् बाहेर काढलेल्या पोरीला या दाखल्याची कधी गरजच पडली नव्हती. संघपाल पोस्टात होता, त्यालाही कोणी मागितला नव्हता. घरात दाखला होता तो एकट्या पिंटूकडे, म्हणजे मोठ्या बाबांच्या, संघपालच्या थोरल्या भावाच्या, धर्मपालच्या मुलाकडे. दोन्ही घरांचं बोलणं बंद. तरी तिनं आशाबाईला, म्हणजे मोठ्या आईला, गुपचूप मेसेज केला अन् दाखल्याचा फोटो मागवून घेतला. चुलतभावाचा दाखला जोडला की काम लवकर होतं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. लवकर झालंच. पिंटूची जुनी फाइल उघडली गेली अन् तिच्यात मोठ्या बाबांनी बारा वर्षांपूर्वी शपथेवर लिहून दिलेली वंशावळ निघाली. तीत संघपाल नव्हता.

शनिवारी सकाळी बाप-लेक अमरावतीहून अकोल्याच्या बसमध्ये बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत संघपाल खिडकीबाहेर पाहत होता. मग त्यानं हात पुढं केला.

"दाखव काय लिहिलं ते."

नीलमनं मसुदा दिला. एकच पान. मोठ्या बाबांनी द्यायच्या शपथपत्राचा. संघपालनं चष्मा लावून वाचला अन् एका ठिकाणी नख टेकवलं.

"‘अनवधानाने राहून गेले.’ म्हंजे चुकून?"

"हो."

"चुकून नाई. मुद्दाम. मुद्दाम कापलं त्यानं मले. तसंच लिहिलं पायजे."

"बाबा, मुद्दाम लिहिलं तर मोठ्या बाबांवर गुन्हा होऊ शकते. खोटं शपथपत्र आहे ते. अन् पिंटूची चौकशी लागते ते वेगळीच."

"देतानी समजत नव्हतं त्याले? मास्तर होता. लेकरायले खरं बोला म्हनून शिकवे." त्यानं कागद परत दिला. "बापाच्या मातीले थांबला नाई माह्यासाठी. खांदा देऊ देल्ला नाई. अन् वरून कागदावरून बी काढलं. आता म्हनते चुकून."

"ते काहीच म्हणत नाहीयेत अजून. हे मी लिहिलंय."

"मंग तू काहून लिहितं त्याच्या बाजूनं?"

नीलम घाबरली की शुद्ध बोलायला लागते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ती म्हणाली, "मी कोणाच्याच बाजूनं नाहीये, बाबा," अन् संघपालनं तोंड फिरवून घेतलं.

*

मोर्णा नदीच्या पलीकडे, अकोल्याच्या जुन्या शहरात, धर्मपालचं घर तीन खोल्यांचं. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबते. आशाबाई दारात उभी होती. "जय भीम, भाऊजी," ती म्हणाली, अन् संघपालनं जय भीम घातला, चप्पल काढली अन् समोरच्या खोलीत पहिल्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. तिथून तो हलणार नाही हे दिसतच होतं. धर्मपाल मागच्या खोलीत, म्हाताऱ्या मायच्या खाटेजवळ. तोही हलणार नव्हता. मधे स्वयंपाकखोली.

"दोन देशायचे भांडनं सोडवते म्हने तू," आशाबाई चहा गाळता गाळता हळूच म्हणाली. "आता हे सोडव बाई."

हे वाक्य नीलमला आयुष्यात इतके लोक म्हणालेत की ती फक्त हसली. पण खरं सांगायचं तर तिला या मांडणीची भीती वाटली नाही. ओळखीचीच होती. दोन्ही पक्ष एका छताखाली, वेगळ्या खोल्यांत, मधे एक माणूस. कागद एकच ठेवायचा. कोणालाही आपला वेगळा मसुदा करू द्यायचा नाही, त्याच एका कागदावर दोघांनी खाडाखोड करायची, अन् दोघांना चालेल असं होईपर्यंत तो इकडून तिकडं न्यायचा. हे ती वर्गात शिकवत आली होती. एकतीस शस्त्रसंधी करारांवर तिनं प्रबंध लिहिला होता. दोन भाऊ अन् तीन खोल्या म्हणजे त्या मानानं काहीच नाही, असं तिला त्या घडीला खरंच वाटलं.

ती मागच्या खोलीत गेली.

धर्मपाल अडुसष्टचा झाला होता. अंगावर पांढरा सदरा, खिशाला पेन. पत्र आल्याचं त्याला आशाबाईनं चार दिवसांपूर्वी सांगितलं, तेव्हापासून तो जेवायला बसला की अर्ध्यातून उठत होता. ते टंकलेखकाचं दुकान त्याला आठवत होतं. कोर्टाच्या आवारात टिनाच्या पत्र्याखाली. टायपिस्टनं मान वर न करता विचारलं होतं, भाऊ किती? अन् धर्मपाल म्हणाला होता, मी एकटाच. दोन शब्द. पिंटू शेजारी उभा होता, तेवीस वर्षांचा पोरगा, त्यानं बापाकडं पाहिलं अन् पुन्हा खाली पाहिलं. घरी येताना धर्मपालला वाटलं होतं, उद्या जाऊन दुरुस्त करू. तो उद्या काही आला नाही. ज्यानं तीस वर्षं लेकरांच्या हजेरीत एक नाव चुकू दिलं नाही, त्यानं सख्ख्या भावाचं नाव असं पुसावं, याची लाज त्याला होती. पण लाज होती तितकाच रागही होता, अन् दोन्ही एकाच ठिकाणी बसलेले, म्हणून त्याला दोन्हीतलं एकही काढून टाकता आलं नव्हतं.

त्यानं मसुदा वाचला. "अनवधानाने," तो मोठ्यानं म्हणाला.

"तुम्हाला चालेल का, मोठे बाबा?"

"सही कुठं करायची?"

नीलम लगेच म्हणाली, "सही सोमवारी नोटरीपुढं. आता फक्त कच्चं. पण बाबांचंबी शपथपत्र लागते सोबत. त्यांना हा शब्द..." ती थांबली. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. "त्यांना मुद्दाम पाहिजे."

धर्मपालनं पेन खिशात परत ठेवलं. "मंग त्याले म्हना, पोरीच्या नोकरीपेक्षा शब्द मोठा असन तर घे."

खाटेवरून सुंदराबाई म्हणाली, "आला का तो? जेवला का?"

"येईन, माय, जेवाले," धर्मपाल म्हणाला.

*

पुढचा दीड तास नीलम समोरून मागं अन् मागून समोर जात होती. संघपालनं ‘अनवधानाने’ खोडलं. धर्मपालनं वर काही लिहिलं नाही. नीलमनं ‘माहिती नमूद होऊ शकली नाही’ असं लिहून पाहिलं. संघपालनं विचारलं, कोनं नमूद केली नाई? हात नव्हता का त्याले? तिनं ‘त्या वेळच्या कौटुंबिक परिस्थितीमुळे’ घातलं. धर्मपाल म्हणाला, ठीक. संघपाल म्हणाला, परिस्थितीनं नाई कापलं, भावानं कापलं.

दुपारी एकच्या सुमारास पिंटू आला. पिंटू तलाठी. पदाचं नाव आता सरकारनं बदललंय, पण गावात सगळे तलाठीच म्हणतात. हाफ डे टाकून आलेला. दारात काकाला पाहून तो वाकला, पाया पडला, अन् स्वयंपाकखोलीत जाऊन नीलमच्या हातातला कागद घेतला. खाडाखोडीनं कागद भरून गेला होता.

"हे काय व्हय?"

"मसुदा."

"‘कौटुंबिक परिस्थितीमुळे,’" त्यानं वाचलं. "तुह्यं ते भाषण पाह्यलं मी यूट्यूबवर. पुरं पाह्यलं, दीड तासाचं. तूच सांगतलं ना त्यात, करार मोडते तो मोघम वाक्यापाशीच मोडते म्हनून? दोघंबी आपापला अर्थ काढते अन् मंग पाच वर्षांत पुन्हा बंदुका?"

नीलमच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण पूर्ण यावरच होतं.

"मंग हे काय लिहून राहिली?"

"तुला वाचवायला लिहून राहिले," ती म्हणाली. "तुला अन् मोठ्या बाबांना. तुझा दाखला रद्द होत नाही, जात खरीच आहे, वकिलाला विचारलं मी. पण मुद्दाम लिहिलं तर मोठे बाबा अडकतात. तुला नोटीस येते."

हे पिंटूला तिच्याआधी ठाऊक होतं. आठवड्यातून चार वेळा लोक त्याच्यापुढं वारसनोंदीला बसतात, अन् तो प्रत्येकाला एकच सांगतो: सगळे नावं सांगा, एक नाव सुटलं तर उद्या तुमच्याच लेकरायले भोवते. गेल्याच महिन्यात एका म्हातारीच्या पोरानं बहिणीचं नाव दडवलं म्हणून त्यानं त्याला झापलं होतं. झापताना आपला आवाज जरा जास्तच चढला, हे त्याचं त्यालाच कळलं होतं.

कागद नीलमला परत देऊन तो समोरच्या खोलीत गेला, ती त्याच्यामागं. "काका, माह्या बापाले कोर्टात उभं केल्यानं तुमाले काय भेटन?"

"मले काई भेटू नोको," संघपाल म्हणाला. "बारा वर्षं झाले, कागदावर मी जन्मलोच नाई. कोनी लिहिलं, काहून लिहिलं, तेवढं समदं लिहा. मले तेवढंच पायजे."

"अन् नीलमची नोकरी?"

संघपाल हट्टी माणूस. पोरीच्या पायात आपणच दगड बांधून राहिलो हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण बारा वर्षं एकच गोष्ट छातीशी धरून बसलेला माणूस ती अशी एका दुपारी सोडेल कशी? तो आवाज चढवून, मागच्या खोलीत ऐकू जाईल असा म्हणाला, "त्याले म्हना, बापाच्या मातीले दोन दिस थांबता आलं नाई तुले, आता मी थांबीन. सोमवार जाऊ दे."

मागची खाट करकरली. धर्मपाल उठला होता. स्वयंपाकखोली ओलांडून तो समोरच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. बारा वर्षांत दोघं भाऊ एवढ्या जवळ आले नव्हते. पण त्यानं संघपालकडं पाहिलं नाही. तो नीलमशी बोलला.

"तुह्या बापाले इचार, बडनेऱ्याच्या स्टेशनावर त्याले फोन आलता का नाई."

*

नीलमला तो दिवस चांगला आठवत होता. मे महिना. दिल्लीची पीएच.डी.ची मुलाखत, पहिल्यांदाच एवढ्या लांब जाणं, बाबा सोबत. फलाटावर बाबांचा फोन वाजला. ते नळापाशी जाऊन बोलले अन् येताना केळी घेऊन आले. कोणाचा होता, असं तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, पोस्टातून. गाडी आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मुलाखत आटोपल्यावर, दिल्लीतल्या लॉजवर, त्यांनी तिला सांगितलं की आजोबा गेले. त्यांनाही तेव्हाच कळलं असेल असं ती धरून चालली होती. बारा वर्षं.

"बाबा, कोणाचा फोन होता?"

संघपाल जमिनीकडं पाहत होता.

"बाबा."

"दादाचा."

"काय म्हणाले?"

"बाबा जाऊन राहिले म्हने. आताच्या आता ये. इकडं आपल्या गाडीचा टाइम झालता."

घरात भाताचा कुकर शिट्टी देत होता, तो आशाबाईनं बंद केला.

नीलम तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. तिला आधी राग आला, चांगला सणसणून आला, बापाचा. मग लाज वाटली. एकतीस करार. दर वेळी ती म्हणायची की भांडण सोडवायला बसणाऱ्यानं आधी हे पाहावं की त्या भांडणात आपण स्वतः कुठं उभे आहोत. अन् इथं सकाळपासून ती दोन खोल्यांच्या मधून अशी चालत होती, जशी काही बाहेरून आलेली पाहुणी.

"मला काहून नाही सांगितलं?" शुद्ध अन् वऱ्हाडी तिच्या तोंडात मिसळून गेलं होतं.

"सांगतलं असतं तर बसली असती का गाडीत?"

"नसते बसले."

"म्हनूनच," संघपाल म्हणाला.

धर्मपाल दारातूनच बोलला. आवाज चढलेला नव्हता. "आठ महिने मी हागणं-मुतणं केलं बाबाचं. आठ महिन्यांत हा तीनदा आला. ते बी जाऊ दे, त्याची नोकरी होती. पन शेवटी मी सोता फोन केला. अमरावती काई विलायत नाई. दोन घंट्यायचा रस्ता. अन् हा दिल्लीच्या गाडीत बसला. लोकं इचारत होते, लहाना कुठं हाय. मी काय सांगू? मी सांगतलं, मले भाऊ नाई. कागदावर तर मंग लिहिलं. पहिल्यांदा तोंडानंच म्हनलो होतो."

नीलमनं हातातल्या मसुद्याची उभी घडी घातली, मग आडवी.

"राहू द्या," ती म्हणाली. "मोठे बाबा, तुम्ही काहीच लिहू नका. मी समितीला काही देत नाही. नोकरी नाही झाली तर नाही. दिल्लीत काही ना काही मिळेल."

संघपाल एकदम उठला. खुर्ची मागं सरकली. "मंग मी कशापाई गेलतो?"

हे तो इतक्या मोठ्यानं बोलला की शेजारची बाई दारात डोकावून गेली.

"कशापाई बसलो मी त्या गाडीत? दिल्लीत काई बी कराले? बाप सोडला मी तुह्या त्या मुलाखतीपाई. आता तू म्हनतं राहू द्या?" तो पिंटूकडं वळला. "चुकून लिही. अनवधान लिही. तुले जे लिहाचं ते लिही. मले काई नोको. माह्यी सही घे."

पिंटूनं कागदासाठी हात पुढं केला. तेवढ्यात धर्मपाल म्हणाला, "नाई."

"बाबा."

"आता चुकून नाई लिहित मी. सकाळी लिहिलं असतं. आता याच्या तोंडावर लिहू? एक खोटं देल्लं शपथेवर, ते बारा वर्षं गिळता नाई आलं. हे दुसरं कोन गिळन?"

"बाबा, माह्यी नोकरी हाय," पिंटू म्हणाला. "दोन लेकरं हायेत मले."

"तुह्या नोकरीले मी पाहीन."

"काय पाहसान तुमी? नोटीस मले येते, तुमाले नाई." आवाज फाटला त्याचा. मग तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, अन् कोणाला उद्देशून नाही असं म्हणाला, "मी बी होतोच तथी. बाजूलेच होतो. आयकलं मी, एकटाच म्हनले ते. मले म्हनता आलं असतं, काका हाय म्हनून. मले नोकरी पायजे होती. मी गप राहिलो."

*

सुंदराबाईला धरून आशाबाईनं समोरच्या खोलीत आणलं. पंच्याऐंशी वर्षांची बाई, चालताना भिंत धरत होती, पण ऐकायला पक्की. मागच्या खोलीतून तिनं सगळं ऐकलं होतं. ती संघपालच्या खुर्चीवर बसली. संघपाल उभाच.

"चुकून का मुद्दाम, चुकून का मुद्दाम. सकाळपासून हेच चाललं," ती म्हणाली. "मले कोनी इचारलं का? दोन बाळंतपणं माह्ये झाले. दाई मेली, तुमचा बाप मेला. हे दोघं एकाच पोटचे हायेत हे पाह्यलेलं मानूस आता मीच एकटी हाव."

"माय, तसं नाई. कागदाचा शब्द..." धर्मपाल म्हणाला.

"तुले राग होता का नाई त्याचा?"

"होता."

"मंग तेच लिही. रागात लिहिलं नाई. त्याच्यात चुकून बी नाई अन् कोनाले फसवाचं बी नाई. राग होता. घरात मयत झाली होती, भावाचा राग आलता, नाव नाई लिहिलं. ज्याले वाचायचं तो समजन. नाई समजला तर मले बलवा, मी सांगतो त्याले." वऱ्हाडात जुन्या बायका स्वतःला ‘सांगतो’च म्हणतात. "अन् साक्षीदार म्हनून मले लिहा. अंगठा नाई, सही येते मले."

नीलमनं घडी घातलेला मसुदा पर्समध्ये टाकला. पिंटूकडं पाहिलं. नोटीस त्याला येणार होती, तेव्हा त्याचा होकार आल्याशिवाय तिला पुढं जायचं नव्हतं, अन् हे तिनं तसंच, सरळ, सगळ्यांसमोर त्याला विचारलं. "तू नाही म्हणालास तर मी खरंच देत नाही, पिंटू. मनापासून सांगते."

पिंटू म्हणाला, "कोरा कागद आन. तुह्यं अक्षर कोनाले लागत नाई, मी लिहितो."

घरात सरकारी मराठी त्याच्याइतकी कोणाला येत नव्हती. तो पाटावर कागद ठेवून खाली बसला. धर्मपाल उभ्यानं सांगत गेला, शाळेत शुद्धलेखन घालायचा तसा, प्रत्येक वाक्य दोनदा.

"मी, धर्मपाल चिंधू सिरसाट, वय अडुसष्ट, राहणार जुने शहर, अकोला, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझे वडील चिंधू यांना आम्ही दोन मुलगे. वडिलांच्या निधनानंतर माझा भावावर राग असल्याने मी मुलाच्या वंशावळीत भावाचे नाव लिहिले नाही. यात मुलाचा दोष नाही."

पिंटूनं वर पाहिलं. "हे नोको, बाबा."

"लिही. यात मुलाचा दोष नाही. पूर्णविराम." धर्मपाल पुढं सांगत गेला. "माझ्या भावाचे नाव संघपाल आहे. तो माझा सख्खा लहान भाऊ असून हयात आहे."

पिंटूनं लिहिलं. आशाबाई पदरानं डोळे पुसत स्वयंपाकखोलीत गेली. कागद आधी संघपालकडं द्यावा असं कोणी म्हणालं नाही, पण पिंटूनं तो त्याच्याचकडं दिला. संघपालनं चष्मा लावला. शेवटच्या ओळीवर तो इतका वेळ थांबला की पिंटूला वाटलं, काही खोडायचं राहिलं.

"काई बदलायचं का, काका?"

"नाई," संघपाल म्हणाला.

सोमवारचं ठरलं. नऊ वाजता नोटरीपुढं दोघा भावांच्या सह्या, सुंदराबाईला रिक्षानं न्यायचं, मग पिंटू अन् नीलम मोटरसायकलनं अमरावतीला, बारापर्यंत समितीच्या कार्यालयात. पुढं काय होईल ते नीलमला सांगता येत नव्हतं. समिती मान्य करील, किंवा आणखी एक पत्र येईल. पिंटूला नोटीस येईल, किंवा येणारही नाही. तिच्या आयुष्यभराच्या अभ्यासात असा एकही करार नव्हता ज्याची खात्री सहीच्या दिवशी कोणाला देता आली होती. पण या कागदात मोघम वाक्य एकही नव्हतं, एवढं तिला दिसत होतं.

आशाबाईनं ताटं वाढली. पिंटू आजीला घेऊन आत गेला. नीलम पाण्याचे गिलास घेऊन समोरच्या खोलीकडं निघाली, अन् दाराशी येऊन थांबली. दोघं भाऊ अजून उभेच होते. धर्मपाल खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. तो म्हणाला, "आता सांग मले. लिहून देल्लं मी. आता खरं सांग. फोन आल्यावर बी काहून बसला तू गाडीत?"

संघपालनं चष्मा काढून खिशात ठेवला.

"मले वाटलं बाबा थांबतीन," तो म्हणाला. "दोन दिस. पोरीचं झालं का तसाच येतो, तवर थांबतीन असं वाटलं मले."

नीलम गिलास घेऊन मागं सरकली. आशाबाईनं काय म्हणून खुणेनं विचारलं, तिनं ताटं राहू दे अशी खूण केली.

"थांबले होते," धर्मपाल म्हणाला. "दुसऱ्या दिशी चार वाजेलोक थांबले. दाराकडं पाहत होते. मंग मीच नाई थांबलो तुह्यासाठी. संध्याकाळी सातले उचललं मी त्यायले. रागात उचललं."

बाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होईना.

"मले यायले तिसरा दिस उजाडला असता, दादा," संघपाल म्हणाला. "उन्हाचे दिस होते. कोन ठेवते तेवढं."